पार्श्वभूमी : बिनडोक्याचा बेस आणि पाचवी तार

नाशिकच्या एका जुन्या ऑर्केस्ट्रातले ज्येष्ठ बेसवादक यंदा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांना वेगळीच गिटार घेऊन उभे राहिले आणि गाण्यांइतकीच चर्चा त्या गिटारीची झाली. इतकी वर्षं त्यांच्या खांद्यावर चार तारांचा, लांब मानेचा, फेंडर या अमेरिकी कंपनीच्या घाटाचा लाकडी बेस, म्हणजे खर्ज वाजवायची गिटार असे. नव्या वाद्याला हेडस्टॉकच, म्हणजे मानेच्या टोकाचं डोकंच नाही. तारा पिळायच्या खुंट्या मानेच्या टोकाऐवजी अंगाच्या खालच्या कडेला आल्या आहेत, आणि तारा पाच आहेत. तरुण वादकांना यात काही विशेष वाटलं नाही. बरोबरीच्या मंडळींपैकी काहींनी नाकं मुरडली. ‘आता या वयात कशाला’ हा सूर जास्त होता.

मला वाटतं, प्रश्न उलटा विचारायला हवा. बेस गिटार जन्माला आली तीच मुळी दोन तक्रारींतून: वाद्य उचलवत नाही आणि वाजवलेलं ऐकू येत नाही. नंतरही मुरलेल्या वादकांनी वाद्य बदललं, तेव्हा बहुतेक वेळा मुळाशी यांतलीच एखादी तक्रार होती.

आधी खर्जाचं काम डबल बेसकडे होतं. माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचं हे वाद्य. ते एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचं म्हणजे गाडीत आणखी एक माणूस बसवण्याइतकी जागा लागे. शिवाय ब्रास आणि ड्रम्सपुढे त्याचा आवाज बुडून जाई. सिएटलच्या पॉल टुटमार्कने 1930 च्या दशकातच फ्रेट, म्हणजे मानेवर सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या असलेला, आडवा धरायचा इलेक्ट्रिक बेस बनवून विकायला काढला होता, पण तो फारसा चालला नाही. न्यूयॉर्कच्या एव्हरेट हलने दुसरा मार्ग धरला: डबल बेसच्या पायाच्या खुंटीतच पिकअप, म्हणजे कंपनं टिपून विजेत बदलणारा भाग बसवला. अँपेग हे त्याच्या कंपनीचं नाव त्या खुंटीवरूनच (इंग्रजीत ‘पेग’) आलं. म्हणजे आवाजाची तक्रार सुटत होती, ओझ्याची नाही.

दोन्ही एकदम सोडवल्या लिओ फेंडरने. हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्याने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला. भरीव लाकूड, चार तारा आणि 34 इंचांची स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी. फ्रेट असल्यामुळे बोट जरा मागेपुढे पडलं तरी सूर नेमकाच लागे, म्हणून प्रिसिजन, म्हणजे नेमकेपणा, हे नाव. जॅझवादक लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये आधी रॉय जॉन्सन आणि मग माँक माँटगोमेरी यांनी तो वाजवला. दोघेही डबल बेसवरून आलेले, म्हणजे पहिल्या पिढीचे इलेक्ट्रिक बेसवादक हे बरेचसे वाद्य बदललेले वादकच होते. पुढे डेट्रॉइटच्या मोटाऊन स्टुडिओत नाव काढलेला जेम्स जेमर्सनही डबल बेसवरचा. त्याने उजव्या हाताचं एकच बोट वापरायची जुनी सवय सोडली नाही, सपाट गुंडाळीच्या तारा तर तो जवळजवळ बदलतच नसे. वाद्य नवं, हात जुना. नाशिकच्या टीकाकारांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आपल्याकडे बेस गिटार आली ती मुंबईच्या स्टुडिओंतून. हिंदी चित्रपटसंगीतात डबल बेस मुख्यतः गोव्याच्या वादकांच्या हाती होता. सत्तरच्या दशकात राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ यांची बेस गिटार गाण्याचा कणा बनली. ती गाणी नाशिक, मालेगाव, जळगावच्या ऑर्केस्ट्रांना जशीच्या तशी वाजवायची होती, आणि इथे मोठी गंमत होती. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर सेकंदाला 41 कंपनांचा. ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून तो बाहेर पडतच नाही. कानाला मिळतात ती त्याची दुप्पट, तिप्पट कंपनं, आणि त्यांवरून मेंदू मूळ सूर स्वतःच उभा करतो. म्हणजे त्या काळातल्या वादकांनी बेसच्या चाली अर्ध्या ऐकून आणि अर्ध्या ओळखून बसवल्या. गाण्याच्या कॉर्डवरून मूळ स्वर धरायचा, ठेक्यावरून जागा ठरवायची, मधल्या जागा आपण भरायच्या. आजच्या मुलांना प्रत्येक गाण्याची चाल फोनवर लिहून मिळते; हा वेगळाच रियाज होता.

वाद्य मिळवणं त्याहून कठीण. 1991 पूर्वी परदेशी गिटार म्हणजे आयातीची बंधनं आणि जबर सीमाशुल्क. कुणाचा नातेवाईक बोटीवर असला तर गोष्ट वेगळी, नाहीतर देशी बनावटीच्या गिटारीवर भागवायचं. नाशिकच्या हवेत त्या गिटारींचे हाल होत. एप्रिल-मेची कोरडी हवा आणि जुलै-ऑगस्टची ओल यांत लाकडी मान वाकते, तारा फ्रेटवर घासू लागतात किंवा इतक्या उंच जातात की दाबताना बोटं भरून येतात. मानेतली ट्रस रॉड नावाची सळई पिळून ती सरळ करता येते, पण स्वस्त वाद्यात ती धड चालत असेलच असं नाही. आणि ऑर्केस्ट्राचा हंगाम नेमका भर पावसाळ्यातला.

नव्या वाद्यातली पाचवी तार का, याचं उत्तर गायकांच्या पट्टीत आहे. चार तारांच्या बेसवर सर्वांत खालचा सूर पांढरी तीनचा, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा. गाणं पांढरी तीनमध्ये असेल तर षड्ज मोकळ्या तारेवर मिळतो, बेसवादकाची चैन. गायकाने ऐनवेळी ‘आज घसा बसलाय, काळी दोन घ्या’ म्हटलं की खालचा षड्ज फक्त अर्ध्या स्वराने वाद्याबाहेर जातो. मग तोच षड्ज वरच्या सप्तकात घ्यायचा, आणि गाण्याची बैठकच हलते. पांढरी दोन, पांढरी एक यांचीही तीच कथा. गाणं कुठल्या पट्टीत जाईल हे ऑर्केस्ट्रात बेसवादकाला कुणी आगाऊ विचारत नाही, गायक ठरवतो.

कीबोर्ड आल्यावर ही उणीव उघडी पडली. यामाहाचा डीएक्स7 1983 चा. अशा सिंथेसायझरचा बेस चार तारांच्या खाली सहज उतरतो, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून चित्रपटांची गाणी तशी होऊ लागली. गिटारवाल्यांचं उत्तर त्याआधीच तयार होतं: अँथनी जॅक्सनने 1975 मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांचा बेस बनवून घेतला होता, त्यात खाली एक जास्तीची तार होती. तिचा सूर पांढरी सातचा, सेकंदाला सुमारे 31 कंपनं. पाच तारांचा बेस सर्वत्र दिसू लागला तो मात्र सिंथेसायझरच्या धक्क्यानंतर. नाशिकमध्ये पुढे आणखी एक भर पडली. कार्यक्रमात अर्धा वाद्यवृंद तयार, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकवर आला. ट्रॅकमधला खर्ज खाली आणि माणसाचा बेस एक सप्तक वर, हे ऐकायला केविलवाणं वाटतं. काही ऑर्केस्ट्रांनी यावर बेसवादकच काढून टाकला. विसर्जनाच्या वाटेवर तर बोलायलाच नको: नाशिक ढोलाच्या ताफ्यासमोर खालचे सूर कुणाच्याच कानावर पडत नाहीत.

आता हेडस्टॉक नसण्याबद्दल. याच्यामागे संगीतकार नाही, फर्निचरचा डिझायनर आहे. नेड स्टाइनबर्गरने 1970 च्या दशकात ब्रुकलिनमध्ये स्टुअर्ट स्पेक्टरसाठी एका बेसचं अंग आखलं, आणि मग हे वाद्य मुळात असं का, याचाच विचार सुरू केला. मानेच्या टोकाला धातूच्या खुंट्यांचं वजन असल्यामुळे मान खाली झुकते आणि वादक डाव्या हाताने सूर वाजवताना तीच सावरत बसतो. लाकडी मान स्वतः थरथरते आणि काही ठिकाणी तारेचा जोर गिळून टाकते. वादक त्या जागांना डेड स्पॉट म्हणतात. स्टाइनबर्गरने डोकं उडवलं, खुंट्या खाली नेल्या आणि मानेसकट सगळं वाद्य कार्बन फायबर आणि राळेचं केलं. हा एल2 बेस 1980 च्या सुमारास बाजारात आला. दिसायला वल्ह्यासारखा, म्हणून हसले बरेच, पण कॅनडाच्या ‘रश’ बँडचा गेडी ली आपला प्रसिद्ध रिकनबॅकर बेस बाजूला ठेवून काही वर्षं तोच वाजवत होता. पुढे तो वॉल कंपनीच्या बेसवर आणि नंतर जुन्या फेंडर जॅझ बेसवर गेला. आजच्या बिनडोक्याच्या बेसांत मान बहुधा लाकडीच असते, फक्त तोल नवा.

चार तासांच्या कार्यक्रमात हा तोल कळतो. जुन्या घाटाचा बेस चार किलोच्या आसपास. नवा त्याहून हलका, आणि ते वजन मानेकडे न ओढता अंगाशी राहतं. सत्तरीच्या खांद्याला याहून वेगळं कारण लागत नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बर्गला व्हायोलिनच्या आकाराचा पोकळ हॉफनर बेस घेतला तो स्वस्त होता आणि डावखुऱ्याच्या हाती विचित्र दिसत नव्हता म्हणून. 1965 पासून तो स्टुडिओत जड रिकनबॅकरकडे वळला. ऐंशीच्या दशकाअखेरीस तो पुन्हा हॉफनरकडे आला आणि आजही मैफलीत तोच दिसतो. हलकेपणाचा वाटा त्यात मोठा आहे.

वेल्सचा बेसवादक पिनो पॅलाडिनो याचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. 1983 च्या सुमारास फ्रेट नसलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरे या बेसवरच्या गाणाऱ्या, घसरत्या सुरांनी तो ओळखला जाऊ लागला. प्रत्येकाला तोच आवाज हवा होता. 2000 मध्ये गायक डी’अँजेलोच्या ‘व्हूडू’ या अल्बमवर तो ऐकू आला तेव्हा हातात फ्रेट असलेला प्रिसिजन आणि सपाट तारा, आवाज ठोस आणि बुटका. आपली ओळख झालेला आवाज सोडायचं धाडस त्याने केलं. इथे तक्रार ओझ्याची नव्हती, कानाची होती. आजूबाजूचं संगीत बदललं होतं.

आखूड, 30 इंचांच्या स्केलचा बेस हाही एक पर्याय होता. त्यावर पहिल्या फ्रेटपर्यंतचं अंतर सुमारे 43 मिलिमीटर, 34 इंचांवर साडेअठ्ठेचाळीस. म्हाताऱ्या बोटांना हा फरक जाणवतो. पण तार तीच आणि सूर तोच असेल तर आखूड स्केलवर ताण बावीसेक टक्क्यांनी कमी होतो. चार तारांना ते चालतं, पाचवी जाड तार मात्र ढिली पडून भदभदते. खालचे सूर हवे असतील तर लांब मान ठेवावी लागते, आणि मग ओझं कमी करायला डोकं कापणं हाच उपाय उरतो.

याची किंमत हाताला द्यावी लागते. आतापर्यंत सर्वांत वरची तार म्हणजे पांढरी तीन हे बोटांना डोळे मिटून ठाऊक होतं. तिथे आता पांढरी सातची तार आली. सवयीने मारलेला पहिला सूर चुकीच्या तारेवर पडतो, आणि बेसची चूक सगळ्या मंडपाला ऐकू जाते. मान रुंद, अंगठ्याला टेकायची जागा बदललेली. न वाजवलेली पाचवी तार आपोआप गुणगुणते, म्हणून उजव्या हाताचा अंगठा सतत तिच्यावर ठेवायला शिकावं लागतं. हे सगळं ऐन कार्यक्रमात जमवता येत नाही. जुना बेसही म्हणूनच विकलेला नाही. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना तोच येतो.

तारांची अडचण मात्र वाटली होती तेवढी नाही. स्टाइनबर्गरच्या मूळ रचनेला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागत. आताच्या बहुतेक वाद्यांत मानेच्या टोकाला पकड असते, तिथे साधी तार आवळून जास्तीचा भाग कापून टाकतात. पाच तारांचा संच नाशिकच्या दुकानात शिल्लक नसला तर मुंबईहून मागवायचा. तारा साध्या चालतात म्हटल्यावर एक सुटा संच पेटीत आधीच ठेवलेला बरा, कारण गणपतीच्या दिवसांत माल वेळेवर पोचत नाही.