दस्तावेजात चूक निघाली, तर आधी हे वाचा

घर विकायला काढलं, की जुनी चूक वर येते. बँकेचा वकील फाइल परत पाठवतो, कारण आधारवर 'मालती विनायक काळे' आणि दस्तावेजात 'मालतीबेन विनायकभाई काले'. वडोदऱ्यातल्या मराठी घरांना हे भाई-बेन नवं नाही. दांडिया बाजारातल्या कित्येक जुन्या वाड्यांच्या कागदांत ते सापडतात. अशा वेळी ग्राहक आम्हाला म्हणतात, "इंडेक्स-2 सुधारून द्या." इंडेक्स-2 म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्तावेजाचा गोषवारा. आम्ही आधी विचारतो, चूक इंडेक्समध्येच आहे, की मूळ दस्तावेजात?

इंडेक्स दस्तावेजावरून तयार होतो. दस्तावेज बरोबर असेल आणि इंडेक्स लिहिताना घसरण झाली असेल, तर दस्तावेजाची प्रमाणित नकल जोडून सबरजिस्ट्रारकडे अर्ज करायचा. विकणाऱ्याला शोधत फिरायची गरज नाही.

दस्तावेजच चुकला असेल, तर मामला वेगळा. नोंदलेल्या दस्तावेजात पेनाने खाडाखोड करून कुणी आकडा बदलून देतो म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका. ज्यांनी मूळ दस्तावेज केला, त्या सगळ्यांनी मिळून चूकदुरुस्तीचा लेख करायचा आणि तोही नोंदवायचा. विकणारे हयात नसतील तर त्यांच्या वारसांच्या सह्या लागतात. खरी अडचण इथेच येते: एक मुलगा पुण्यात, एक परदेशात, आणि तिसऱ्याला "सहीचं काय देणार?" हा प्रश्न पडलेला. कुणी अडूनच बसला, तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, 1963 च्या कलम 26 खाली दिवाणी कोर्टाचा रस्ता आहे. दोन्ही पक्षांची सामाईक चूक किंवा फसवणूक मात्र तिथे सिद्ध करावी लागते. म्हणून विकणारे हयात आहेत, बोलाचाली आहे, तोवर काम उरकून घ्या.

नुसत्या भाई-बेनसाठी एवढा खटाटोप दर वेळी लागत नाही. बाकी तपशील जुळत असला तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असा सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) पुष्कळदा चालून जातो. आधी बँकेला विचारा, मग खर्च करा.

क्षेत्रफळाची चूक मात्र हलक्याने घेऊ नका. 100 चौरस वार, 900 चौरस फूट आणि 83.61 चौरस मीटर हे एकच माप. पण आकडा वाराचा आणि पुढे शब्द 'मीटर' पडला, की कागदावर जागा वाढते. टी.पी. (टाउन प्लॅनिंग) स्कीममधल्या जागेचा, स्कीममध्ये मिळालेला फायनल प्लॉट नंबर न लिहिता नुसता जुना सर्व्हे नंबर लिहिलेला असतो, तोही असाच घोळ. चूकदुरुस्तीच्या नावाखाली नवा खरेदीदार घालणं किंवा दुसरीच जागा लिहिणं जमत नाही. तो नवा व्यवहार होतो आणि स्टँप ड्यूटी पुन्हा भरावी लागते.

लेख नोंदला म्हणजे सगळं आपोआप बदललं, असं होत नाही. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, शेतजमीन असेल तर सातबारा, महानगरपालिकेचं वेराबिल (घरपट्टीचं बिल), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, प्रत्येकाचा अर्ज निराळा. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदीत जमीन महसूल कायद्याच्या कलम 135-डी ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी 30 दिवस थांबावं लागतं. घर विकायची घाई असेल, तर हे दिवस आधीच हिशेबात धरा.

आमच्याकडे येताना मूळ दस्तावेज, इंडेक्स-2, प्रॉपर्टी कार्ड, शेवटचं वेराबिल आणि आधार आणा. त्या जागेचे आधीच्या मालकांचे जुने दस्तावेज घरात असतील तर तेही आणा, फाटके असले तरी चालतील.