बक्षीस-सोडतीची निष्पक्षता

लकी ड्रॉ, कुपनांची सोडत किंवा कॅसिनोतील बक्षीस-सोडत यांत पिंपातल्या प्रत्येक चिठ्ठीला निघण्याची सारखीच संधी मिळाली का, हे संभाव्यतेच्या गणिताने पडताळता येते. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. सांगलीकराला कॅसिनो दिसतो तो पणजीला, मांडवीतल्या जहाजावर. पण गणपती पेठेत दिवाळीला एखाद्या दुकानाने काढलेल्या सोडतीलाही हेच गणित लागू पडते.

समजा, पिंपात १,००० कुपने आणि बक्षिसे २० आहेत, आणि दुकानदाराच्या नातलगांकडे मिळून ३० कुपने आहेत. त्यांना निदान एक बक्षीस लागण्याची संभाव्यता सुमारे ४६ टक्के आहे. म्हणजे भाच्याला मिक्सर लागला एवढ्यावरून कुजबुज करणे अन्यायाचे आहे. त्यांनाच पाच किंवा अधिक बक्षिसे लागण्याची संभाव्यता मात्र दहा हजारांत जेमतेम दोन आहे, आणि तेव्हा हिशेब मागणे रास्त ठरते.

या आकडेमोडीचा जीव छेदात, म्हणजे एकूण चिठ्ठ्यांच्या संख्येत असतो. कॅसिनोत जास्त खेळणाऱ्याला जास्त चिठ्ठ्या मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी नाव पुकारल्यावर विजेता हजर नसेल तर दुसरी चिठ्ठी काढतात. अशा वेळी छेदात हजर असलेल्यांच्याच चिठ्ठ्या धराव्या लागतात. एकूण चिठ्ठ्या किती, हे आयोजकाने जाहीर केले नसेल तर बाहेरच्या माणसाला नीट पडताळणी करता येत नाही, म्हणून हा आकडा सोडतीआधीच फलकावर लिहायला हवा.

संशय निकालानंतर सुचला असेल तर गणित फसवते. न्यू जर्सीत १९८५-८६ मध्ये एका महिलेला चार महिन्यांत दोनदा लॉटरी लागली, तेव्हा ही संभाव्यता १७ लाख कोटींत एक असल्याचे छापून आले. हा आकडा त्याच बाईने त्या दोनच सोडतींचे एकेकच तिकीट घेतले असे धरून काढलेला होता. अमेरिकेतल्या लाखो खेळणाऱ्यांपैकी कोणालाही चार महिन्यांत दोनदा लागावी, याची संभाव्यता संख्याशास्त्रज्ञांच्या हिशेबाने सुमारे तिसांत एक निघाली.

लबाडी नसतानाही सोडत बिघडते ती ढवळण्यात. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांच्या ३६६ कुप्या काढल्या गेल्या. त्या महिन्यांच्या क्रमाने भरलेल्या आणि अपुऱ्या ढवळलेल्या असल्याने डिसेंबरच्या तारखा लवकर निघाल्या : त्यांचा निघण्याचा सरासरी क्रमांक १८३.५ च्या आसपास येण्याऐवजी १२१.५ आला. दुकानातही हेच घडते : शेवटच्या दिवशी टाकलेली कुपने वर राहतात, पिंप दोन-तीनदाच फिरवतात आणि बोलावलेले लहान पोर वरच्यावर हात घालते. अशा वेळी विजेत्या कुपनांचे क्रमांक पाहावेत. वीसपैकी १५ किंवा अधिक विजेते उत्तरार्धातल्या क्रमांकांचे असतील, तर नीट ढवळलेल्या पिंपातून तसे होण्याची संभाव्यता फक्त दोन टक्के आहे.