दात खाण्याचं खापर जंतांवर कशाला?

‘रात्री करकरा दात खातोय, जंत झालेत त्याला!’ हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. जंतांवर औषध दिलं तरी दात खाणं सुरूच राहतं, कारण त्याचा संबंध झोपेतल्या क्षणिक जागेपणाशी, ताणाशी, काहींत घोरण्याशी असतो. लहान मुलांत ते बहुधा आपोआप थांबतं.

पण तारा लावलेल्या मुलाचं काय? त्याला ‘डीप बाइट’ असेल तर अडचण वाढते. यात वरचे पुढचे दात खालच्यांना प्रमाणाबाहेर झाकतात. साधारण २ ते ४ मिलिमीटर झाकणं ठीक. इथे दात आवळले की वरचे दात थेट खालच्या ब्रॅकेटवर (तार धरून ठेवणाऱ्या, दाताला चिकटवलेल्या तुकड्यावर) आपटतात आणि ब्रॅकेट निघतं. म्हणून डॉक्टर वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला छोटे उंचवटे चिकटवतात. त्यामुळे मागचे दात टेकत नाहीत आणि हळूहळू वर येतात. आवळणाऱ्याचे जबड्याचे स्नायू मात्र त्यांना खालीच दाबू पाहतात, आणि ते उंचवटेही झिजवतात.

दुसरा गैरसमज ‘ऊस चावला की दात सरळ होतात’ हा. तारा असताना ऊस, चिक्की, बर्फ नकोच. पेरू फोडी करून खावा. दात खाण्याची सवय डॉक्टरांना आधीच सांगा, जंतांच्या गोळीने ती जाणार नाही.