अंगठ्याचे ३० टक्के कुठून आले?

पॉवर प्रेसखाली अंगठा गेला की कामगाराची कमावण्याची क्षमता ३० टक्के घटली, असे कामगार नुकसानभरपाईचा कायदा धरून चालतो. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर ४०. जखमी माणूस सुतार आहे की पहारेकरी, हे या कायद्यातला टक्केवारीचा तक्ता विचारत नाही. निम्मे वाद इथूनच सुरू होतात.

१९२३ च्या कायद्यातला पहिला तक्ता आखूड होता आणि त्यात उजव्या-डाव्याचा भेद होता: कोपरापासून किंवा त्याच्या वर उजवा हात तुटला तर ७० टक्के, डावा तुटला तर ६०. अंगठ्याला २५. १९६२ च्या दुरुस्तीने तो बदलला. उजवे-डावे गेले, बोटांची पेरे वेगळी मोजली जाऊ लागली. रकमेचे गणित मात्र जुनेच राहिले होते. वयानुसार गुणक आला तो १९८४ मध्ये.

आजचा हिशेब असा: पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक, गुणिले टक्केवारी. वय ३० पूर्ण असेल तर गुणक २०७.९८. जानेवारी २०२० पासून पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात; हातात २२,००० पडत असले तरी. म्हणजे ९,००० × २०७.९८ = १८,७१,८२०; अंगठ्याचे ३० टक्के, ५,६१,५४६ रुपये. आधीच्या ८,००० च्या मर्यादेत हाच अंगठा २,९९,४९१ चा होता. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) संरक्षण असलेल्याला हा दावा करता येत नाही. त्याचे प्रकरण ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाकडे जाते.

तक्त्यात नसलेल्या दुखापती जास्त अडतात: कंबर, मणका, न तुटलेले पण आखडलेले बोट. इथे डॉक्टरने तक्त्याचे भान ठेवून कमावण्याच्या क्षमतेतली घट ठरवायची असते. प्रत्यक्षात दाखल होतो तो अपंगत्वाचा साधा दाखला, ‘उजव्या पायाचे ४० टक्के’ असा. तो एका पायाचा आकडा असतो, कमाईचा नव्हे, आणि मालकाचा किंवा विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत नेमके तेच बोट ठेवतो.

उलट बाजूही आहे. प्रताप नारायण सिंग देव खटल्यात सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. हे अंशतः अपंगत्व आहे, असे मालकाचे म्हणणे. एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी १०० टक्के धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. तेव्हापासून दाव्यात नुसती जखम लिहून भागत नाही. अपघाताआधी तो नेमके काय करत होता, किती वजन उचलत होता, कोणते यंत्र चालवत होता, हे लिहावे लागते. तेच डॉक्टरलाही तपासणीआधी सांगावे, म्हणजे दाखल्यात पायाखेरीज कामाचाही उल्लेख येतो.