नाडी थांबल्यावर रक्तदाब कसा मोजतात?

ओपन हार्ट शस्त्रक्रियेत पोटॅशियमयुक्त द्राव देऊन हृदय मुद्दाम थांबवलं जातं. ईसीजीची रेषा सपाट होते आणि रक्त हार्ट-लंग मशीनमधून, बहुतेक वेळा ठोक्यांविना संथ धारेनं फिरत राहतं. दंडाला बांधलेला स्वयंचलित पट्टा नाडीच्या लहरींवरून दाब ओळखतो, त्यामुळे नाडी नसताना तो काहीच सांगू शकत नाही. बोटावरचा पल्स ऑक्सिमीटरही त्याच कारणानं गप्प होतो. मेंदूला आणि मूत्रपिंडांना किती दाबानं रक्त मिळतंय हे अशा वेळी भूलतज्ज्ञाला सांगतो तो सिलिकॉनचा एक इवलासा तुकडा. मनगटाच्या धमनीत २० गेजची कॅन्युला, म्हणजे आत बसवलेली बारीक नळी, तिला जोडलेली सलाईननं भरलेली कडक नळी आणि नळीच्या टोकाला प्रेशर ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाबाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारं उपकरण, असा हा सगळा संच आहे. व्यवहारात त्याला ‘आर्टेरियल लाइन’ म्हणतात.

ट्रान्सड्यूसरच्या पोटात सिलिकॉनचा, मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ पडदा असतो. तो घडवण्यासाठी स्फटिकाच्या मागच्या बाजूला पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या द्रावणानं खड्डा कोरतात. हे द्रावण स्फटिकाच्या काही प्रतलांना भराभर खातं आणि काहींना जवळजवळ खातच नाही. म्हणून खड्ड्याच्या भिंती आपोआप ५४.७ अंशांच्या कोनात उभ्या राहतात. पडद्यावर बोरॉन मिसळून तयार केलेले चार रोधक व्हीटस्टन ब्रिजच्या, म्हणजे रोधांतला किरकोळ फरकही विद्युतदाबातून दाखवणाऱ्या, रचनेत जोडलेले असतात. दाब आला की पडदा किंचित वाकतो, दोन रोध वाढतात, दोन घटतात आणि ब्रिजचा तोल ढळतो. पडदा आणि सलाईन यांच्यामध्ये जेलचा थर असतो. तो दाब पुढे पोचवतो, वीज मात्र अडवतो.

धातूची तार ताणली की ती लांब आणि बारीक होते, म्हणून तिचा रोध वाढतो. हा परिणाम लहान असतो. तार एक टक्का ताणली तर रोध साधारण दोन टक्के बदलतो, म्हणजे ताणाच्या दुप्पट, इतकंच. १९५४ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये चार्ल्स स्मिथ यांनी जर्मेनियम आणि सिलिकॉनवर मोजमापं केली, तेव्हा हाच बदल कितीतरी पटींनी मोठा निघाला. सिलिकॉनमध्ये तो ताणाच्या शंभरपटीच्याही पुढे जाऊ शकतो. नुसत्या आकारबदलातून एवढा फरक पडत नाही. बोरॉन मिसळलेल्या सिलिकॉनमध्ये वीज वाहणारे ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, दोन प्रकारचे असतात, हलके आणि जड. न ताणलेल्या स्फटिकाची घनाकृती सममिती दोघांची किमान ऊर्जा सारखी ठेवते. ताण आला की ती सममिती मोडते, दोन्ही ऊर्जा वेगळ्या होतात आणि होल एका प्रकारातून दुसऱ्यात सरकतात. वाहकांची चपळताच बदलल्यामुळे रोध इतका बदलतो. घनपदार्थांच्या भौतिकशास्त्रातलं हे निखळ मूलभूत संशोधन आज ऑपरेशन थिएटरमध्ये रोजच्या कामाला येतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या ट्रान्सड्यूसरची संवेदनक्षमता प्रमाणित आहे. ब्रिजला दिलेल्या प्रत्येक व्होल्टमागे, पाऱ्याच्या प्रत्येक मिलिमीटरला ५ मायक्रोव्होल्ट. ब्रिजला ५ व्होल्ट दिले तर १०० मिमी दाबाला अडीच मिलिव्होल्ट मिळतात. तापमानानं सिलिकॉनचा रोध बदलतो, पण त्याची भरपाई कारखान्यातच केलेली असते. म्हणून चिप क्वचितच खोटं बोलते. खोटं बोलते ती तिच्यापुढची सलाईन.

पहिली गफलत उंचीची. झीरो करणं आणि लेव्हल करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि घाईत ती एकच समजली जातात. झीरो करताना थ्री-वे, म्हणजे नळीवरची तीन तोंडांची तोटी, हवेला उघडून वातावरणाचा दाब शून्य धरायला मॉनिटरला सांगतात. लेव्हल करताना तो थ्री-वे हृदयाच्या पातळीला, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधल्या जागेच्या सरळ रेषेत, छातीच्या जाडीच्या मध्यावर आणतात. सलाईनच्या दर १० सेंमी उंचीला पाऱ्याचे साधारण ७.४ मिमी पडतात. ट्रान्सड्यूसर वेगळ्या स्टँडवर आहे आणि सर्जननं टेबल २० सेंमी वर घेतलं, तर आकडा एकदम १५ मिमीनं फुगतो. बायपासवर, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालू असताना, सरासरी दाब साधारण ५० ते ८० मिमी ठेवतात. म्हणजे खरा दाब ५० असताना मॉनिटर ६५ दाखवेल आणि सगळे निर्धास्त राहतील. ट्रान्सड्यूसर टेबललाच अडकवला तर टेबल वर-खाली झालं तरी हा प्रश्न येत नाही, पण टेबल तिरकं केल्यावर पुन्हा पाहावंच लागतं. मध्यवर्ती शिरेच्या दाबाला ही चूक अधिकच महाग पडते. तिथे मूळ आकडाच ८ वगैरे असतो.

दुसरी गफलत लहरीच्या आकाराची. हृदय धडधडत असताना धमनीतली लहर ही अनेक वारंवारतांची बेरीज असते. मिनिटाला १२० ठोके म्हणजे मूळ वारंवारता २ हर्ट्‌झ, आणि लहर नीट उमटायची तर तिच्या दहापटीपर्यंतचे, म्हणजे २० हर्ट्‌झपर्यंतचे घटक लागतात. नळीतल्या सलाईनलाही स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते. ती खाली घसरून या पट्ट्यात आली की नळी स्वतःच झुलू लागते. मग सिस्टोलिक, म्हणजे वरचा, दाब खोटा वाढतो आणि डायस्टोलिक, म्हणजे खालचा, खोटा उतरतो. लांब किंवा मऊ नळी, जास्तीचे थ्री-वे, बारीक बुडबुडा, सगळ्यांमुळे ही वारंवारता उतरते. नळी १२० सेंमीच्या आत आणि कडक प्लॅस्टिकचीच हवी, ती यासाठी.

याची परीक्षा सोपी आहे. सलाईनची पिशवी ३०० मिमी दाबाखाली असते आणि त्या दाबानं तासाला सुमारे ३ मिली सलाईन आत झिरपत राहतं. नळीत जोरानं सलाईन सोडणारी फ्लशची चिमटी ओढून झटकन सोडायची. मॉनिटरच्या पडद्यावर चौकोनी लहर उमटते आणि तिच्या शेवटी हेलकावे येतात. एक-दोन हेलकाव्यांत रेष मूळ लहरीवर आली तर संच ठीक. हेलकावे तीनचार वा अधिक आले तर अवमंदन, म्हणजे हेलकावे विरवण्याची क्षमता, कमी आहे. एकही न येता रेष आळसावून खाली उतरली तर ते जास्त आहे. सेकंदाला २५ मिमी वेगानं कागद सोडला आणि दोन हेलकाव्यांमध्ये १ मिमी अंतर आलं, तर नैसर्गिक वारंवारता २५ हर्ट्‌झ. २ मिमी आलं तर साडेबारा, म्हणजे अपुरी. दोन्ही बिघाडांत सरासरी दाब बराचसा खरा राहतो, म्हणून शंका आली की सरासरीवर भिस्त ठेवावी. झुलणारी रेष शांत करायला नळीत मुद्दाम बुडबुडा सोडणं मात्र सर्वथा चूक आहे. जोरात फ्लश केल्यास तो बुडबुडा धमनीतून उलटा मेंदूकडे जाऊ शकतो, आणि लहान मुलांत हा धोका जास्त.

हे सगळं काटेकोर का पाळायचं, ते महाधमनीत कॅन्युला घालताना कळतं. त्या वेळी धमनीची भिंत फाटू नये म्हणून सिस्टोलिक दाब १०० च्या आसपास किंवा त्याखाली आणतात. झुलणाऱ्या रेषेवरचा १२० हा आकडा खरा मानला, तर आधीच उतरलेला दाब औषधानं आणखी उतरवला जाईल.

रेष अचानक चपटी झाली तर आधी रुग्णाकडे पाहावं, कारण दाब खरोखरच पडलेला असू शकतो. मग पिशवीचा दाब, थ्री-वेची दिशा, मनगटाची घडी. हृदयशस्त्रक्रियेत हात अंगालगत गुंडाळलेले असतात, त्यामुळे मनगट कापडाखाली जाण्यापूर्वीच सरळ ठेवून तपासलेलं बरं. गुठळीची शंका असेल तर आधी सिरिंजनं रक्त ओढून पाहायचं, फ्लश नंतर. डाव्या बाजूची इंटर्नल मॅमरी धमनी सोडवताना छाती उघडी धरणारा रिट्रॅक्टर डाव्या हाताकडे रक्त नेणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीवर दाब आणू शकतो. तेव्हा डाव्या मनगटाची रेष दबते, बाकी शरीराचा दाब ठीक असतो. पिशवीत डेक्स्ट्रोज कधीही नको. या नळीतून काढलेल्या रक्ताच्या नमुन्यात ते मिसळलं तर साखर खोटी वाढलेली दिसते आणि इन्सुलिन नाहक दिलं जातं.

बायपास संपल्यावर, अंग पुन्हा ऊबदार झालेलं असताना, काही रुग्णांत मनगटातला दाब महाधमनीतल्या दाबापेक्षा बराच कमी दिसतो. सिस्टोलिकमध्ये १० ते ३० मिमींचा फरक पडू शकतो. संच तपासून निर्दोष निघाला, हृदय डोळ्यांना जोमानं आकुंचन पावताना दिसतंय आणि तरी आकडा ७० वर अडकलाय, तर रक्तदाब वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवण्याआधी सर्जनला महाधमनी बोटानं चाचपायला सांगावं. ती टणक लागली, तर निर्जंतुक नळीनं महाधमनीतल्या सुईला ट्रान्सड्यूसर जोडून दाब थेट मोजता येतो, किंवा मांडीच्या धमनीत दुसरी लाइन घालता येते. हा फरक बहुधा तासाभरात आपोआप ओसरतो, पण तोवर औषधाचा डोस महाधमनीतल्या किंवा मांडीतल्या आकड्यावरून ठरवावा.