ओहोटी वेगळी, रिप करंट वेगळा: फुकेत-बालीला निघालेल्या कोकणातल्या मंडळींसाठी

हल्ली आपल्याकडची बरीच मंडळी सुट्टीत फुकेत, बाली, मॉरिशसला जातात, पासपोर्ट, फॉरेक्स कार्ड, सनस्क्रीन, मेथीचे ठेपले सगळं महिनाभर आधी तयार असतं, आणि समुद्राचं काय असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आम्ही कोकणातले, आम्हाला काय समुद्र शिकवताय". बरोबर आहे, लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेलं असतं, "ओहोटीक पाण्यात जाव नको". पण या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात, एक ओहोटी आणि दुसरी ती ओढ जिला तिकडचे लाइफगार्ड रिप करंट म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर दोन्हीला मिळून "पाण्याला ओढ आहे" म्हटलं तरी निभावून जातं कारण शेजारी कुणीतरी जाणता असतो, परदेशात तो नसतो, आणि मग लोक भरतीची वेळ बघून बिनधास्त पाण्यात उतरतात, तिथेच घोटाळा होतो.

आधी ओहोटी घेऊ कारण ती सरळ आहे. चंद्र आणि थोडाफार सूर्य पाणी खेचतात, साधारण सव्वासहा तास पाणी चढतं, तेवढाच वेळ उतरतं, आणि रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे सगळ्यात मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे सगळ्यात लहान. आणि आपल्याकडचा हिशोब तर कॅलेंडरवरच होतो, तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी, अष्टमीला भरती सहाला. ज्यांना हे माहीत नसतं ते पर्यटक वाळूवर गाडी घालतात आणि संध्याकाळी ट्रॅक्टर शोधत फिरतात, दरवर्षीची करमणूक आहे ती.

आता हा हिशोब विमानात बसताना इथेच ठेवून जायचा. पाऊणपट आपल्या किनाऱ्याला लागू पडते, कारण चंद्र डोक्यावर आल्यापासून किती वेळाने भरती होणार हे समुद्राच्या तळावर आणि किनाऱ्याच्या आकारावर ठरतं, प्रत्येक बंदराचं वेगळं. थायलंडच्या आखातात तर बऱ्याच ठिकाणी दिवसात मोठी भरती एकदाच येते, म्हणजे आपला सव्वासहा तासांचा नियमच गेला. पाणी किती चढतं-उतरतं तेही वेगळं, मॉरिशसला जेमतेम हात-दीड हात, मालदीवला मीटरभर, फुकेत-क्राबीकडे उधाणाला अडीच-तीन मीटरपर्यंत. म्हणून जायच्या आधी त्या गावाचं नाव टाकून टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा, बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे, स्क्रीनशॉट काढून फोनमध्ये ठेवला की झालं.

याचा उपयोग कशाला? बालीत सानूरला हॉटेल घेतलंत आणि ओहोटीच्या वेळी पोहायला निघालात तर समोर समुद्र नाही, गुडघाभर पाणी, शेवाळ आणि प्रवाळाचे दगड, त्यात सी अर्चिन, ज्याचे काटे तळपायात मोडून आत राहतात (म्हणून अक्वा शूज न्या, चप्पल चालत नाही, ती पाण्यात निघून जाते). क्राबीला उलट, तिथे थाले वेक म्हणून जागा आहे, ओहोटीला बेटांच्या मधून वाळूची वाट वर येते, ती बघायची असेल तर ओहोटीच पाहिजे, बोटवाल्याने "नऊला निघू" म्हटलं म्हणून निघालात आणि नेमकी भरती असली तर पैसे देऊन नुसतं पाणी बघाल. थोडक्यात ओहोटी ही वेळापत्रकाची गोष्ट आहे, घरी सोफ्यावर बसून तिची तयारी करता येते.

रिप करंटची तशी करता येत नाही, कारण तो चंद्राचा नाही, लाटांचा आहे.

होतं काय, किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली वाळूचे बांध तयार झालेले असतात. लाटा त्यांच्यावर फुटतात आणि पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतात, एवढं पाणी आत आलं की त्याला परत जायला वाट लागते, आणि बांधाला जिथे खाच असेल तिथून ते सगळं एकदम जातं, भाताच्या मळ्यातलं पाणी जसं बांध फुटलेल्या जागेतूनच धो धो निघतं आणि बाकी बांध शांत असतो तसं. ओहोटीत सगळा किनारा हळूहळू सहा तास रिकामा होतो, मोकळ्या पुळणीवर तर माणसाला जाणवेल अशी ओढ त्यात फारशी नसतेच. रिप एका अरुंद पट्ट्यात असतो, आणि तिथे पाणी सेकंदाला अर्धा मीटर ते कधी कधी दोन मीटरच्याही वर जातं, एवढ्या वेगाला ऑलिम्पिकवाला पण प्रवाहाविरुद्ध पोहून पुरा पडायचा नाही, आपण तर शाळेच्या टाकीत शिकलेलो.

मुख्य मुद्दा: तो पूर्ण भरतीलाही असू शकतो. लाटा आहेत, बांध आहे, खाच आहे, बास.

मग आपली म्हातारी माणसं चुकीची होती का, तर नाही. ओहोटीला बांधावरचं पाणी उथळ होतं, लाटा जास्त जोरात फुटतात, आणि परत जाणारं पाणी त्या खाचेतच कोंडतं, त्यामुळे बऱ्याच किनाऱ्यांवर रिप ओहोटीला जास्त जोर धरतो. आणि खाडीच्या तोंडाशी, म्हणजे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तसल्या जागी, ओहोटीची स्वतःची ओढ खरोखर भयंकर असते, पूर्ण खाडीचं पाणी तेवढ्याशा तोंडातून बाहेर निघत असतं, विशेषतः भरती आणि ओहोटीच्या मधल्या दोनेक तासांत. म्हणजे सल्ला बरोबर, पण त्यातून "भरती आहे म्हणजे सेफ" हा जो उलटा अर्थ लोक काढतात तो चूक.

ओळखायचा कसा. बीचवर गेल्या गेल्या कपडे काढून पळत सुटू नका, जरा उंच जागा बघा, हॉटेलची पायरी, कठडा, काहीही, आणि पाचदहा मिनिटं नुसतं बघा. लाटांची पांढरी रांग दिसेल, ती मध्येच कुठेतरी तुटलेली असेल, दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये एक पट्टा गडद, शांत, लाटा न फुटणारा. कधी त्या पट्ट्यात वाळूने गढूळ झालेलं पाणी किंवा फेसाचे तुकडे बाहेरच्या दिशेने जाताना दिसतात. आणि गंमत अशी की पोराबाळांना घेऊन आलेली फॅमिली नेमका तोच पट्टा निवडते, "इथे लाटा नाहीत, इथे बसा". हे मी गणपतीपुळ्यालाही बघितलंय.

सापडलात तर काय, हे मात्र पाठ करून जा. रिप तुम्हाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. माणूस मरतो तो किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी भांडून दमल्यामुळे. तरंगत राहायचं, श्वास सांभाळायचा, हात वर करून हलवायचा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहायचं, जिकडे लाटा फुटतायत तिकडे, कारण लाटा फुटतायत म्हणजे तिथे पाणी उथळ आहे आणि लाट तुम्हाला आत ढकलेल. लाटांच्या रांगेपलीकडे त्याचा जोर संपतो. आणि नवरा आत अडकला म्हणून बायको, बायको अडकली म्हणून मेव्हणा असं एकामागून एक उड्या मारू नका, काहीतरी तरंगणारं फेका आणि लाइफगार्डला बोलवा.

झेंडे आपल्याकडे फार कुणी बघत नाही, तिकडे बघा. लाल-पिवळा अर्धा अर्धा असे दोन झेंडे रोवलेले असतील तर त्यांच्या मधेच पोहायचं, तेवढ्यावर लाइफगार्डचं लक्ष असतं. नुसता लाल म्हणजे उतरायचं नाही. जांभळा दिसला तर जेलीफिश वगैरे.

आता बुकिंगबद्दल, कारण खरी तयारी इथेच असते. जूनपासून आपल्या होड्या वर ओढलेल्या असतात, मासेमारी बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, आणि नेमक्या त्याच महिन्यांत एजंट फुकेतचं पॅकेज निम्म्या किमतीत देतो. का देतो? तोच नैऋत्य मान्सून फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर, कारोन, काटा, सुरिनवर आदळत असतो, साधारण मे ते ऑक्टोबर, लाल झेंडे रोजचेच. श्रीलंकेत हिक्कडुवा-बेंटोटाची तीच गत, त्या दिवसांत पूर्वेकडचं अरुगम बे बरं. कोह सामुई हे बेट थायलंडच्या आखातात असल्याने त्याचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे जुलैत जायचंच असेल तर सामुई, फुकेत नाही, आणि फुकेतच घेतलंत तर पूलवालं हॉटेल घ्या, समुद्र फक्त बघायला.

बाली आणि मॉरिशसला अजून एक भानगड आहे, तिथे दक्षिणेकडच्या लांबच्या वादळांच्या लाटा येतात, वर आकाश निळंशार, वारा नाही, आणि बालीच्या कुटा-सेमिन्याकला रिप जोरात. मॉरिशसला बहुतेक ठिकाणी प्रवाळाचं कुंपण असल्याने आतलं पाणी शांत, पण दक्षिणेला ग्री ग्रीसारख्या जागी ते कुंपणच नाही, तिथे फोटो काढा आणि परत या. जिथे कुंपण आहे तिथेही बोटी जायला जी फट असते तिच्याजवळ स्नॉर्केलिंग करू नका, तिथून पाणी ओढीने बाहेर पडतं.

त्यामुळे हॉटेलवाल्याला मेल टाकताना ब्रेकफास्ट इन्क्लुडेड आहे का यासोबत तीन गोष्टी विचारा: बीच लगूनच्या (प्रवाळाच्या कुंपणाआतल्या शांत पाण्याच्या) आत आहे की मोकळ्या समुद्रावर, आम्ही येतोय त्या महिन्यात पोहता येतं का, आणि लाइफगार्ड किती ते किती असतो. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं हॉटेल बघा.