यूएनआरडब्ल्यूए निधी पुनःस्थापना विधेयक (अमेरिका)

पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या यूएनआरडब्ल्यूए या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा अमेरिकेने २०२४ मध्ये थांबवलेला निधी पुन्हा सुरू व्हावा, यासाठी अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात मांडलेले विधेयक. इंडियानाचे आंद्रे कार्सन, वॉशिंग्टन राज्याच्या प्रमिला जयपाल आणि इलिनॉयच्या जॅन शकाउस्की या तीन डेमोक्रॅट सदस्यांनी ते सप्टेंबर २०२४ मध्ये प्रथम मांडले. नावात ‘निधी’ असला तरी विधेयकाचा रोख रक्कम मंजूर करण्यावर नाही. आधीच्या कायद्यांत घातलेली मनाई काढून टाकणे हा त्याचा गाभा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८ डिसेंबर १९४९ रोजी ठराव क्र. ३०२ अन्वये ही संस्था स्थापन केली आणि १ मे १९५० पासून तिचे काम सुरू झाले. त्या वेळी सुमारे साडेसात लाख निर्वासित होते. आज नोंदणीकृत निर्वासितांची संख्या ५९ लाखांच्या घरात असून ते गाझा, पश्चिम किनारा, जॉर्डन, लेबनॉन आणि सीरियात राहतात. इतर निर्वासितांसाठीची जागतिक यंत्रणा सहसा यजमान देशाच्या शाळा-दवाखान्यांवर विसंबते. ही संस्था मात्र शाळा आणि दवाखाने स्वतः चालवते, शिक्षकांचे पगारही स्वतःच देते. तिच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा शिक्षणावर जातो. गाझात युद्धापूर्वीही इमारती कमी आणि मुले जास्त, म्हणून बहुतेक शाळा दोन पाळ्यांत भरत: सकाळची मुले बाहेर पडली की त्याच बाकांवर दुपारची बसत. निर्वासित लोक संस्थेला नुसते ‘वकाला’ म्हणतात. वकाला म्हणजे एजन्सी. ‘कार्त अल-मुअन’ म्हणजे शिधापत्रिका. ती जुन्या कुटुंबांनी घराच्या कागदपत्रांइतकी जपून ठेवलेली आढळते, कारण आपण निर्वासित असल्याचा तो पुरावाही असतो.

एवढा डोलारा उभा आहे तो मुख्यतः सरकारांच्या ऐच्छिक देणग्यांवर. काही आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांचे पगार तेवढे संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अर्थसंकल्पातून निघतात. देणगीदारांत अमेरिका अनेक वर्षे पहिली. २०२३ मध्ये तिने ४० कोटी डॉलरहून अधिक दिले. साहजिकच वॉशिंग्टनचा हात आखडला की इथले महिन्याचे पगार अडतात. २०१८ मध्ये ट्रम्प प्रशासनाने हा निधी बंद केला, एप्रिल २०२१ मध्ये बायडेन प्रशासनाने तो सुरू केला. दोन्ही वेळा नवा कायदा करावा लागला नाही.

२०२४ मध्ये हे चित्र बदलले. संस्थेच्या १२ कर्मचाऱ्यांनी ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमास हल्ल्यात भाग घेतल्याचा आरोप इस्रायलने केला. २६ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेने निधी स्थगित केला आणि पाठोपाठ इतर अनेक देशांनीही. हे पहिले कुलूप प्रशासनाचे होते, प्रशासनालाच उघडता आले असते. दुसरे कुलूप काँग्रेसने लावले. सरकारी कामकाज ठप्प होण्याची मुदत टळून गेल्यावर, मध्यरात्रीनंतर सिनेटने हजारावर पानांचा खर्चाचा कायदा संमत केला; २३ मार्चला त्यावर सही झाली. त्यातल्या एका तरतुदीने २५ मार्च २०२५ पर्यंत या संस्थेला पैसे देण्यास बंदी घातली. एप्रिलमधल्या पूरक खर्चाच्या कायद्यातही तशीच अट आली. कायद्याने घातलेली बंदी मुदतीआधी उठवायची तर कायदाच लागतो. हे विधेयक जन्माला आले ते त्यामुळे.

दरम्यान फ्रान्सच्या माजी परराष्ट्रमंत्री कॅथरीन कोलोना यांच्या समितीने एप्रिल २०२४ मध्ये ५० शिफारशी केल्या; संस्थेतले मोठ्या संख्येने कर्मचारी दहशतवादी संघटनांचे सदस्य आहेत या दाव्याचे पुरावे इस्रायलने दिलेले नाहीत, असेही तिने नोंदवले. संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत चौकशीत १९ कर्मचाऱ्यांची प्रकरणे तपासली गेली. त्यांपैकी नऊ जणांचा हल्ल्यात सहभाग असू शकतो, असा निष्कर्ष ऑगस्टमध्ये आला आणि त्यांना नोकरीतून काढण्यात आले. कॅनडा, स्वीडन, जर्मनी, जपान, ब्रिटन यांनी देणग्या एकामागून एक सुरू केल्या. बंदीला चिकटून राहिलेली अमेरिका जवळपास एकटी पडली. समर्थकांचा युक्तिवाद याच गोष्टीवर उभा आहे: नऊ जणांच्या गुन्ह्यासाठी गाझातल्या सुमारे १३ हजार कर्मचाऱ्यांचे काम आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांची मदत थांबवू नये. विरोधकांना नऊ हा आकडाच पुरेसा वाटतो. संस्थेत हमासचा शिरकाव खोलवर आहे, निर्वासितपद पिढ्यान्‌पिढ्या चालवल्याने प्रश्न कुजत राहतो, मदत दुसऱ्या संस्थांकडून द्यावी, असे ते म्हणतात. ‘दुसऱ्या संस्था’ हा भाग बोलायला सोपा आहे. लाखो मुलांच्या शाळा चालवणारी दुसरी संस्था मात्र गाझात नव्हती.

तिसरे कुलूप ४ फेब्रुवारी २०२५ चे. ट्रम्प यांनी कार्यकारी आदेशाने या संस्थेला निधी देण्यास मनाई केली. त्यामुळे विधेयकाची अडचण वाढली. कायद्यातली बंदी गेली तरी देणगी ऐच्छिकच राहते, आणि ती द्यायची इच्छा नसलेल्या प्रशासनाकडून केवळ बंदी उठवून पैसे निघत नाहीत.

भारताने २०१८ मध्ये आपली वार्षिक देणगी साडेबारा लाखांवरून ५० लाख डॉलरवर नेली. २०२४ च्या वादातही ती थांबली नाही; जुलैमध्ये २५ लाखांचा हप्ता दिला गेला. अमेरिकी रकमेपुढे हा आकडा किरकोळ आहे.

पहिले विधेयक मतदानापर्यंत पोचलेच नाही. जानेवारी २०२५ मध्ये ११८ व्या काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपताच ते आपोआप बारगळले. मार्च २०२५ मध्ये त्याच तिघांनी ते ११९ व्या काँग्रेसमध्ये पुन्हा मांडले. या काँग्रेसची मुदत ३ जानेवारी २०२७ ला संपते. तोवर ते संमत झाले नाही, तर तिसऱ्यांदा नव्याने मांडावे लागेल.